फोटोत नसलेला कट्टा

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आताही ‘आहे’ म्हणायला जीभ वळत नाही. मी व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची, हाच माझा धंदा. त्यामुळे कुणी काही सांगायला लागलं की ‘हे खोटं कसं असू शकेल’ हेच आधी डोक्यात येतं. नवरा म्हणतो, तू कोथिंबिरीच्या जुडीचाही पुरावा मागशील.

मी मूळची पुण्याची. अकरा वर्षं झाली बंगळुरूत, जे. पी. नगरला. पक्षी बघायचा नाद इथेच लागला. आमचा पक्षीवाल्यांचा एक ग्रुप आहे, शंभरेक माणसं. कुणाला दुर्मीळ पक्षी दिसला तर तो दावा तपासायचा, आणि यादीत घ्यायचा की नाही ते ठरवायचं — हे काम माझ्याकडे. आपणहून कुणी घेत नव्हतं, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पण खरं सांगू? मला ते आवडायचं.

त्याच ग्रुपात एकनाथण्णा होते. सत्तरीचे. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठ्यांपैकी. घरात मराठी बोलतात, पण अर्धी कानडीत भिजलेली — ‘ठीक’ला ‘सरी’, ‘थोडं’ला ‘स्वल्प’, आणि बाईमाणसाला ‘मा’. त्यांचा इंदिरानगरला फोटो स्टुडिओ होता. तो बंद केल्यावर ते पक्ष्यांचे फोटो काढायला लागले. जुने किस्से स्वतःच रंगवून सांगायचे — लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरीला ताजमहालासमोर कसं उभं केलं, वारलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात कसं बसवलं. सगळे हसायचे. मी मात्र तेव्हाच मनात नोंद करून ठेवली होती... हा माणूस फोटोत काहीही करू शकतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातला मंगळवार. दुपारी बाराच्या सुमारास अण्णांनी ग्रुपवर तीन फोटो टाकले. खाली एवढंच — ‘आज सकाळी. खाणीत.’

ही खाण म्हणजे कनकपुरा रस्त्यावरून आत गेल्यावर लागणारी, बंद पडलेली ग्रॅनाइटची खाण. तळाशी हिरवं पाणी, तिन्ही बाजूंनी उभे कडे. तिथल्या शृंगी घुबडांसाठी आम्ही नेहमी जायचो. पण अण्णांच्या फोटोत घुबड नव्हतं. वॉलक्रीपर होता! चिमणीएवढा राखाडी पक्षी, दगडाला चिकटून चढणारा, आणि पंख उघडले की आत कुंकवासारखा लाल. हा हिमालयातल्या कड्यांवरचा पक्षी. थंडीत फार तर पायथ्यापर्यंत उतरतो. बंगळुरूत? अशक्य.

ग्रुप वेडा झाला. माणसं ऑफिसातून आजारपणाची सुट्टी टाकून खाणीवर धावली. संध्याकाळपर्यंत पंधरा जण दुर्बिणी लावून बसले होते. दुसऱ्या दिवशीही. कुणालाच काही दिसलं नाही.

मी फोटो मोठे करून बघायला लागले. पक्षी अस्सल होता. पण दगड?... खाणीचे कडे पावसाच्या ओघळांनी काळे पडलेत. फोटोतला दगड मात्र पांढराफटक, आजच फोडल्यासारखा धारदार. वरून झाडाचं एक मूळ लोंबत होतं, कोपरासारखं वाकलेलं. आणि उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा एक जुना बाण.

तो बाण मला पाठ होता. खाण चालू असताना कुणीतरी कड्यावर रंगवलेला. त्याच्या डावीकडे कड्यातून एक रुंद दगडी पायरी बाहेर आलीय, वीस माणसं आरामात बसतील एवढी. आम्ही तिला कट्टाच म्हणायचो. मी स्वतः तिथे बसून कितीतरी डबे खाल्लेत.

अण्णांच्या फोटोत बाण होता. कट्टा नव्हता.

म्हणजे उघड होतं. कुठल्यातरी हिमालयाच्या ट्रिपमधला कडा कापून आणायचा, खाणीचा बाण शेजारी डकवायचा, झालं!

गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, सुशीलाक्कांनी, कॉफी दिली. मी सरळ विचारलं, “अण्णा, मूळ फाइल बघू शकते?”

“बघ की मा. कार्डच ने,” म्हणत त्यांनी कॅमेऱ्यातून कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं.

“यात कट्टा कुठंय?”

त्यांनी चष्मा लावला. लॅपटॉपवर फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. कपाळावर घाम आलेला मला दिसला आणि मी मनात म्हटलं — सापडलात.

“मी पक्ष्याला बघत होतो मा,” शेवटी ते म्हणाले. “दगडाकडं कोण बघतंय?”

“तुम्ही कुठे उभे होता?”

“समोरच्या काठाला. स्वल्प धुकं होतं. पक्षी लेन्सात आला, मी दाबत गेलो... कट्टा होता की नव्हता, देवाशप्पथ आठवत नाही.”

कार्ड घरी आणून तपासलं. फाइल स्वच्छ. तारीख, वेळ, लेन्स, सगळं जुळत होतं. पण माझं समाधान होईना. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस, त्याला काय अवघड?

शनिवारी मी त्यांना घेऊन खाणीवर गेले. कट्टा जागच्या जागी होता. मी त्यावर चढून उभी राहिले आणि म्हटलं, “हा बघा! आता काढा फोटो.”

अण्णांनी कॅमेरा उचललाच नाही. ते खालून सारखे म्हणत होते, “उतर मा. खाली ये. उतर आधी.” आवाज कापत होता. मला वाटलं, चोरी पकडली गेल्याची भीती.

त्याच दुपारी मी त्यांचा फोटो आणि माझा फोटो शेजारी लावून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — ‘नोंद नामंजूर. छायाचित्रात फेरफार.’ मग काय, लोकांना रानच मोकळं मिळालं. एकानं ताजमहालासमोर वॉलक्रीपर बसवलेला फोटो टाकला. दुसऱ्यानं लिहिलं, अण्णा, आता पेंग्विन कधी? मी कुणाला थांबवलं नाही. रात्री बघितलं तर अण्णा ग्रुप सोडून गेले होते.

विषय तिथेच संपायला हवा होता. जानेवारीत मी आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी घुबडांची ट्रिप ठरवली. बारा मुलं आणि काही पालक. रविवारी दुपारी चारला पोचायचं, कट्ट्यावर बसायचं, घुबडं बाहेर पडायची वाट बघायची. ही गोष्ट कुणाकडून तरी अण्णांच्या कानावर गेली. शुक्रवारी त्यांचा फोन आला.

“मेघना, पोरांना कट्ट्यावर नको नेऊ.”

“का?”

“माझा फोटो खोटा म्हणालीस, सरी. अजून दहा लोकांना सांग. पण पोरांना तिथं नको.”

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, म्हातारा सूड उगवतोय. मी ट्रिप बदलली की हाच सगळ्यांना सांगणार — बघा, तिलाही पटलं! मी “बघते” म्हणून फोन ठेवला. कट्ट्यावरच जायचं, हे मात्र तेव्हाच पक्कं केलं.

रविवारी आम्ही पोचलो तर कट्ट्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर अण्णा उभे. डोक्यावर कानटोपी, दोन्ही हात पसरलेले.

“अण्णा, बाजूला व्हा. मुलं आहेत.”

“मुलं आहेत म्हणूनच.”

“तमाशा करू नका!”

“करतो. माझ्या अंगावर पाय देऊन जायचं तर जा.”

पालक एकमेकांकडे बघायला लागले. एक बाबा पुढे झाले, त्यांनी अण्णांचा दंड धरला. अण्णा वाटेतच खाली बसले. सत्तरीचा माणूस, मातीत फतकल मारून. एक मुलगी रडायला लागली... शेवटी मी वैतागून म्हटलं, चला, समोरच्या काठाला बसू. तिथून जरा लांब पडतं, पण दिसतं. खरं सांगते, मला भीतीबिती काही वाटली नव्हती. फक्त लाज वाटत होती आणि तमाशा नको होता.

समोर बसल्यावर मी बघितलं, अण्णा अजून त्याच वाटेवर बसून होते. आम्ही परत येऊ म्हणून राखण करत.

पाच वाजून गेले असतील. ऊन होतं. पाऊस नाही, वारा नाही. आधी गोणी फाटल्यासारखा एक आवाज आला. मग अख्खा कट्टा कड्यापासून सुटला आणि शांतपणे, सावकाश उतरल्यासारखा पाण्यात गेला. पाणी आमच्या पायापर्यंत उसळलं. मुलं ओरडली. पांढऱ्या धुळीत समोरचं काहीच दिसेना. मी वेड्यासारखी “अण्णा! अण्णा!” करत काठाकाठानं धावले.

ते वाटेवरच होते. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे, खोकत होते. त्यांच्यापासून चार पावलांवर वाट संपली होती. मी त्यांचा हात धरून त्यांना मागे ओढलं.

धूळ बसली. कड्यावर पांढराफटक, धारदार दगड उघडा पडला होता. उजवीकडे बाण. आणि वरून लोंबणारं एक मूळ, कोपरासारखं वाकलेलं.

पक्षी नव्हता. आजवर तिथे तो कुणालाच दिसलेला नाही.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐकून हसाल. अण्णांचा फोटो आणि पडल्यानंतरचा फोटो एकावर एक ठेवून बघितले. दगडाची धारन् धार जुळली. माझ्या स्वतःच्या फोनमधला ग्रुपचा मेसेज बघितला — कट्टा पडायच्या महिनाभर आधीचा. माझ्या फोनमधल्या वेळेवर संशय घेतला, म्हणून इतर चौघांचे फोन तपासले. अण्णांनीच पहारीनं कट्टा सैल केला असेल, असाही विचार केला! एका भूगर्भवाल्या ओळखीच्यांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, जुन्या सुरुंगाची भेग, वर्षानुवर्षं पाणी मुरलंय, कधीतरी पडणारच होता. कधी पडेल ते कुणी सांगू शकलं नसतं, आणि दगड उघडा पडल्यावर कसा दिसेल ते तर मुळीच नाही.

मी माफी मागायला गेले. विचारलं, “अण्णा, तुम्हाला कळलं होतं?”

“कुठलं मा? तू खोटा म्हणालीस तेव्हा मलाच वाटलं, खोटा असेल. इतकी वर्षं तेच केलं, हातांनी आपोआप काही केलं असेल. महिनाभर झोप नव्हती.”

“मग वाट का अडवलीत?”

“फोटो खोटा असता तर माझी इज्जत गेलीच होती, अजून काय जाणार? पण खरा असला तर?...”

एवढं बोलून ते आत गेले. बरीच मनधरणी केली, पण ग्रुपवर ते परत आले नाहीत. ग्रुपवर मी जाहीर माफी मागितली. ती वॉलक्रीपरची नोंद मात्र मला आजही मंजूर करता येत नाही. पक्षी बरोबर, जागा बरोबर, दगडही बरोबर. तारखेच्या रकान्यात काय लिहू?

यातून मला जे कळलं ते एवढंच, की मला काही कळलेलं नाही. कारण शोधायचंही मी आता थांबवलंय, आणि त्यामागे एक छोटीशी गोष्ट आहे. गेल्या मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेले होते. खूप दिवसांनी अण्णांनी कॅमेरा बाहेर काढला होता. मी निघताना सुशीलाक्का म्हणाल्या, दारात उभी राहा, एक फोटो काढू दे यांना. मी उभी राहिले. अण्णांनी फोटो काढला, स्क्रीनकडे बघितलं... आणि बघतच राहिले. मग “सरी आलाय,” म्हणून कॅमेरा बंद केला. माझ्याकडे न बघता विचारलं, “पाठवू का मा?”

मी ‘नको’ म्हणाले.