बाबांच्या दुकानासमोरचा बाक

आज आमच्या दुकानासमोर कोणी गाडी लावली, तर मी सरळ चाकातली हवा सोडणार आहे.

बाबांना जाऊन आज वर्ष झालं. आणि नेमका आजच बाजाराचा दिवस.

शेलूबाजारच्या बाजारओळीत आमचं कापडाचं दुकान. आमच्या ओळीची रीत अशी, की शटर उघडायच्या आधी दुकानदार स्वतःची मोटरसायकल स्वतःच्याच दारात आडवी लावतो.
का? तर समोर दुसऱ्या कोणाची हातगाडी लागू नये म्हणून.
बाबाही वर्षानुवर्षं स्कूटर अशीच लावायचे.

मग आम्ही दोघं दादाकडे कोपनहेगनला गेलो.

तिथे स्ट्रॉयेट नावाचा जुना रस्ता आहे. दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, आणि गाड्यांना बंदी. सगळे पायी. म्युझियम वगैरे राहिलं बाजूला, बाबा तिथल्या बाकावर जे बसले ते उठेचनात.

"बाबा, चला ना. थंडी आहे."

"थांब वं. लोकं काचेपाशी कसे निवांत उभे राह्यले, पाह्य. मांगून कोनी हॉर्न नाही देऊन राह्यलं."

थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "आन आपुन आपल्याच दारात गाडी लावतो, अन् गिऱ्हाइकाले म्हनतो, या, बसा."

परत आल्यावर पहिल्याच बाजाराला स्कूटर गेली स्टँडमागच्या मैदानात. तिच्या जागी लाकडी बाक आला. आणि बाबा ओळभर सांगत सुटले, बाजाराच्या दिवशी गाड्या मैदानात ठेवा.

समोरचे भांडेवाले प्रकाशकाका हसले. "शेठजी, हे शेलूबाजार हाय. कोपनहेगन नाही."

"गाड्या बंद केल्या तवा तठले दुकानदारबी असेच बोंबलले होते. मी पोराले विचारून आलो!"

कोणी ऐकलं नाही.
बाकावर मात्र खेड्यावरून आलेल्या बाया पिशव्या ठेवून टेकायच्या. बाबा त्यांना "जय जिनेंद्र" म्हणत पाणी द्यायचे आणि शेवटपर्यंत शेजाऱ्यांचं डोकं खायचे.

मागच्या वर्षी त्यांना न्यायची वेळ आली, तेव्हा ओळ गाड्यांनी गच्च. तिरडी निघणार कुठून?

प्रकाशकाकांनी डोळे पुसत आपली गाडी काढली. मग शेजारच्याने. बघता बघता अख्खी ओळ रिकामी.

मी रडत होते. आणि मला भयंकर रागही आला होता.
दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या परत जागेवर.

म्हणजे ओळ मोकळी होते, काका. त्यासाठी कोणी मरायची गरज नाही.

माझी स्कूटी सकाळीच मैदानात लावली आहे. बाक बाहेर आहे, पाण्याचा माठ भरला आहे. आता एकेका दुकानात जाऊन हेच सांगणार. पुढच्या बाजारालाही, त्याच्या पुढच्याही. डोकं खायला मी बाबांकडूनच शिकले.

बाबा, तुमच्यासाठी ओळ एकदा मोकळी झाली. आता ती चालणाऱ्यांसाठी करून घेते.

जय जिनेंद्र, बाबा.