तार विरघळत नाही

मॅडमनी माझ्यासमोर एक पुठ्ठा धरला. त्यावर तोंडं काढलेली होती. पिवळी, गोल. एक हसरं, एक रडकं, एक रागीट, एक नुसतंच गप्प. लहान पोरांच्या पुस्तकात असतात तशी.

"आजी, आज तुमचं मन यातलं कोणतं आहे? बोट ठेवा बरं."

माझ्या पोराची तेरवी अजून व्हायची होती. मी पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "याच्यात नाई."

"नीट बघा ना. घाई नाही आपल्याला."

मागून हसू आलं. "चौथी शिकली हाय बुढी. तिले कायचं समजते, मॅडम?"

हसले ते भाऊसाहेब. शाळेच्या वऱ्हांड्यात ते खुर्चीवर बसले होते, चिनीमातीच्या कपात चहा पीत. मॅडमचा कपही तसाच. आम्ही वस्तीतल्या बाया खाली सतरंजीवर, हातात कागदाचे ग्लास. मनाचं शिबिर होतं. दुःख झालेल्या बायांसाठी. भाऊसाहेबांनीच बोलावून घेतलं होतं. त्यांच्याच शेतात माझा पोरगा मेला.

गजू त्यांच्याकडे सालदार होता. तुरीत रानडुकरं शिरतात म्हणून त्यांनी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, उघडी तार फिरवली होती. रात्री तिच्यात करंट सोडायचे, सकाळी बंद करायचे. त्या सकाळी बंद करायचं राहिलं. गजूला कोणी सांगितलं नाही. आम्ही धावत पोचलो तेव्हा तो धुऱ्यावर आडवा होता आणि तार त्याच्या पायाखाली होती. पोलीस आले तेव्हा तार नव्हती. पोलिसांच्या कागदावर पाण्याच्या मोटारीचा शॉक लागला असं आलं. वस्तीतल्या सगळ्यांनी तार पाहिली होती. वस्तीतले सगळे भाऊसाहेबांच्याच शेतात कामाला जातात.

आमच्यात माणूस गेलं की बाया येतात. जिचा माणूस गेला तिच्या गळ्यात पडतात आणि बोलून रडतात. नुसतं रडणं नाही ते. गेलेल्यानं काय खाल्लं, काय भोगलं, कोणी त्याचं काय केलं, सगळं त्या रडण्यात येतं. नाव घेऊन येतं. त्या वेळी तोंडातून निघालेलं कोणी मनावर घ्यायचं नाही, अशी रीत आहे. पाटील असो की सावकार, ऐकून घ्यायचं. आणि जिच्या घरचं गेलं ती रडेपर्यंत बायांनी उठायचं नाही.

माझी सून रेखा रडली नव्हती. डोळे कोरडे, तोंड बंद. पोरगी अंगावर पिणारी, रेखाचं दूध आटलं. पोरगी किंचाळायची आणि रेखा भिंतीकडे पाहत बसायची. बाया रोज येत होत्या, तिला धरून रडत होत्या. गजूच्या नावानं रडताना तार आली, तारेमागून भाऊसाहेबांचं नाव आलं.

मग त्यांचा माणूस वस्तीत आला. ओट्यावर चढला नाही, खालूनच बोलला. "हे रडणं बंद करा. गावाची बदनामी होऊन राह्यली. ज्यायले नाव घ्याचं असन त्यायनं दुसरीकडं काम पाहा."

दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही. मी कोणाला दोष देत नाही. सगळ्यांच्या घरी चूल आहे. आणि बाया बंद झाल्या तेव्हा हे शिबिर आलं.

मी गेले ते रेखासाठी. कोणीतरी म्हणालं, या मॅडम मोठ्या शिकलेल्या आहेत, मुक्या माणसाला बोलतं करतात. मला पोरीसाठी दूध पाहिजे होतं. त्यासाठी मी पुठ्ठ्यावरची तोंडंही पाहिली.

मॅडमनी पुठ्ठा बाजूला ठेवला आणि रेखासमोर मांडी घालून बसल्या. आवाज गोड होता. वय माझ्या सुनेएवढं म्हटलं तरी चालेल.

"ताई, डोळे मिटा. लांब श्वास घ्या. आता तुम्ही एका सुंदर, शांत जागी आहात. हिरवंगार शेत आहे. मंद वारा आहे. तुम्ही त्या शेतातून चालताय. चालताय ना?"

रेखाचे डोळे मिटलेले होते. तिचे पाय सतरंजीवर आखडले.

"छान. काय दिसतंय तिथे?"

इतक्या दिवसांत रेखाचं तोंड पहिल्यांदा उघडलं. "तार."

वऱ्हांड्यातल्या सगळ्या बायांनी माना खाली घातल्या.

"कसली तार, ताई?"

"तिचं डोकं ठिकाणावर नाई मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "तुमी पुढं चला."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग रेखाकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारते. आता एकदा तरी विचारते. माझा जीव नुसता त्या पोरीच्या तोंडाकडे लागला होता.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "आता अशी कल्पना करा, ती तार हळूहळू विरघळतेय. विरघळली. गेली. आता फक्त हिरवळ आहे."

पोटात काही नव्हतं तरी रेखा तिथंच ओकली.

"येऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "आतलं बाहेर येतंय."

मी उठले. गुडघे धरून उठावं लागतं, वेळ लागला. मी रेखाचं बखोट धरलं.

"बुढे, बस खाली," भाऊसाहेब म्हणाले. "लांबून आले लोकं."

मी मॅडमला म्हटलं, "तुमी मंघाशी मले तोंड दाखव म्हटलं ना?" आणि बोट दाखवलं. खुर्चीकडे. "हे पाहा. माह्या मनात दिवसभर हेच तोंड हाय."

भाऊसाहेब हसले, पण कप खाली ठेवताना बशीत चहा सांडला. मॅडमचं तोंड लाल झालं. त्या हळूच म्हणाल्या, "आजी, दुसऱ्यांना दोष देऊन मन हलकं होत नाही."

"मले हलकं नाई कराचं," मी म्हटलं, आणि रेखाला घेऊन निघाले.

मॅडम बाहेर त्यांच्या गाडीपर्यंत आमच्या मागे आल्या. म्हणाल्या, मला कळतंय तुमचं. मी म्हटलं, "मंग कोणती तार ते काहून सोडून देल्लं?" त्या खाली पाहत म्हणाल्या, ते आमच्या कामात बसत नाही. खोटं बोलल्या नाहीत, एवढं मी मान्य करते. त्यांचं काम आम्हाला गप्प करायचं होतं, आणि ते त्यांना इलाज वाटत होतं.

त्यानं काही बदललं नाही. तूर सोंगायला, कापायला, वस्तीतल्या सगळ्या बायांना बोलावलं, मला सोडून. रेखा तो एक शब्द बोलली, नंतर पुन्हा बंद. पोरीला शेजारणीच्या शेळीचं दूध पाजते. गावात बोलतात, सासू-सून दोघी येड्या झाल्या. पुढच्या मंगळवारी मॅडम परत येणार आहेत, येड्या बाया म्हणून आमची नावं त्यांना आधीच सांगितलेली आहेत.

आम्ही जाणार नाही. आमचं मन ज्याला पाहायचं असेल त्यानं आमच्या ओट्यावर यावं, जमिनीवर बसावं, खुर्चीवाल्याला सोबत आणू नये. आणि आम्हाला डोळे मिटायला सांगू नये.

रोज सकाळी भाऊसाहेबांची गाडी आमच्या दारावरून शेतात जाते. त्या वेळी मी ओट्यावर बसते आणि बोलून रडते. गजूचं नाव घेते. तारेचं घेते. त्यांचंही घेते. ते काच वर करतात. बाया आपापल्या दारात उभ्या राहून ऐकतात, जवळ कोणी येत नाही. रेखा उंबऱ्यात बसलेली असते, मांडीवर पोरगी.

अजून ती रडलेली नाही. ती रडेपर्यंत मी उठणार नाही.