नाल्याकडे काढलेला चर

कनेरगाव नाक्याला आमचं पेट्रोल विकायचं ठिकाण होतं. निजामाच्या अमलाची ती शेवटची सात-आठ वर्षं. ठिकाण म्हणजे काय, तर रस्त्याकडेला एक उंच लोखंडी खांब. त्याचा दांडा हलवला की वरच्या काचेच्या भांड्यात पेट्रोल चढायचं आणि तिथून नळीनं मोटारीत उतरायचं. दांडा आमचे हे हलवायचे. मी ओट्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायची.

पेट्रोल सांडायचं. कापसाच्या लॉऱ्यांचे ड्रायव्हर इंजिनातलं काळं तेलही तिथंच सोडायचे. उन्हाळाभर ते मातीत मुरलं आणि पाऊस लागला तसं उताराच्या पाण्याबरोबर आमच्या परसातल्या विहिरीकडे निघालं. मी घर डोक्यावर घेतलं. "चर खणा अन् नाल्याकडं काढून द्या ते पाणी," मी ह्यांना म्हणाले. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी खणला. आमची विहीर वाचली. शेजारणींनी माझ्या अकलेची तारीफ केली, ती मी आवडीनं ऐकून घेतली.

नाल्याच्या काठाला झिरा होता. वाळूत उकरलेला खड्डा. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पिण्याचं पाणी तेवढंच, कारण गावातल्या विहिरींना त्यांनी हात लावायचा नाही अशी रीत होती. झिरा तिथं आहे हे मला ठाऊक होतं, ह्यांनाही ठाऊक होतं. बोललं कोणीच नाही.

त्या वस्तीतली एक म्हातारी गावची दाई होती. माझी थोरली तिच्याच हातावर जन्मली. पंधरा दिवसांत ती दारात आली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती.

"बाई, झिऱ्याच्या पाण्याला वास येऊन राहिला. लेकरं तोंडात घेईनात."

"काहून?" मी विचारलं. जसं काही मला माहीतच नाही.

ती चराकडे बघत राहिली. मी ह्यांच्या कानावर घातलं, तर हे म्हणाले, "पाऊस पडल, वाहून जाईल. तू काहून तकलीफ घेतीस?" मला तेवढंच हवं होतं.

मग ती आमच्या विहिरीवर येऊ लागली. घागर खाली ठेवायची आणि दहा पावलं लांब बसायची. घरातलं कोणी मोकळं झालं की पोहरा ओढून वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचं. बहुतेक मीच ओतायची, आणि आपण किती मोठ्या मनाच्या असं मनात म्हणायची. एकदा सकाळची आलेली ती मला दुपारी तिथंच बसलेली दिसली.

"हाक न्हाई का मारायची?"

"मारली व्हती की दोनदा. तुमी कामात व्हत्या."

मी दोन्ही हाका ऐकल्या होत्या. रागानं नाही, आळसानं उठले नव्हते. ते जास्त वाईट.

असं वर्ष गेलं. पुन्हा पावसाळा आला, आणि एक दिवस आमटीवरचा तवंग पळीनं काढताना माझ्या डोक्यात आलं की तेल वरच राहतं, पाणी खालून काढता येतं. ह्यांच्या मागं लागून चराच्या वाटेवर एक मोठा खड्डा करवला. त्यात मधोमध दगडांची आडवी भिंत घातली आणि भिंतीच्या तळाशी भोक ठेवलं. पाणी भोकातून पुढं जाई, तेल अलीकडे तरंगत राही. ते गोणपाटानं टिपून घ्यायचं. सगळं एका दिवसात झालं. एका दिवसाचं काम आम्ही वर्षभर केलं नव्हतं.

वस्तीतल्या माणसांनी झिरा उपसून काढला. अश्विन लागला तशी मी मुद्दाम नाल्यावर गेले, पहिल्यांदाच. शाबासकी घ्यायलाच म्हणा ना. दाई वाटीनं पाणी भरत होती.

"आता न्हाई ना वास?" मी विचारलं.

ती हसली. घासून लखलखीत केलेला तांब्या तिनं भरला आणि माझ्यापुढं धरला. "तुमीच बघा की, बाई. उन्हाच्या आल्या, घोटभर घ्या."

तिथं दुसरं कोणी नव्हतं. कोणाला कळलंही नसतं. पाणी नितळ होतं, आणि माझा हात काही वर झाला नाही.

"तहान न्हाई," मी म्हणाले. घसा कोरडा पडला होता.

"व्हय, बाई," ती म्हणाली. तांब्यातलं पाणी तिनं फेकलं नाही, सांभाळून घागरीत ओतलं आणि पुन्हा वाटी घेऊन भरू लागली. मी चढ चढून घरी आले आणि आमच्या विहिरीचं दोन तांबे पाणी प्याले. मला फार रडू आलं.