कपाशीची लग्नं आणि सविताचं स्थळ

जिंतूरजवळच्या आमच्या कपाशीच्या सीड प्लॉटवर बियाण्यापेक्षा किस्सेच जास्त पिकतात. बायांचे हात दिवसभर कामात, तोंडं मात्र मोकळी. दुसरं काय होणार!

कपाशीच्या फुलात नर-मादी एकत्रच. तसंच सोडलं तर ते स्वतःचंच बी धरतं, आणि आम्हाला हवं दोन जातींचं. म्हणून दुपारी, उद्या उमलणाऱ्या कळीतले नराचे केसर नखानं काढायचे, वर लाल कागद चढवायचा आणि सकाळी दुसऱ्या जातीच्या, म्हणजे नराच्या ओळीतलं फूल आणून त्यावर घासायचं.

नव्या बाईला आमच्या मुकादम गयाबाई हे एका वाक्यात शिकवतात, "भावकीत सोयरीक करायची न्हाई, बस."

*

एकदा कागद न लावलेल्या कळीवर एक मधमाशी भलत्याच फुलाचे पराग घेऊन आली. गयाबाई पदर घेऊन तिच्या मागं धावल्या, "कामून गं आमच्या पोटावर पाय देतीस?"

*

कंपनीचे नवे साहेब नराचं फूल खिशाला लावून मादीच्या ओळीत शिरले. गयाबाईंनी ते काढून घेतलं. "साहेब, नवरदेव असा घरोघर हिंडत न्हाई."

*

गयाबाईंची लेक सविता म्हणजे प्लॉटवरचा सगळ्यात चपळ हात. पण 'मुलगी मजुरीला जाते' म्हणून एक स्थळ परत गेलं होतं. मला तर त्या लोकांचा रागच आला. मानवतचे पाहुणेही तेच बोलले, तेव्हा गयाबाई म्हणाल्या, "मजुरी कशाची? माझी लेक सकाळधरनं लग्नंच लावायलीय!"

तेही गेले. त्या रात्री गयाबाई जेवल्या नाहीत.

*

मग गंगाखेडचे पाहुणे आले. गयाबाईंनी लेकीला बजावलं, "प्लॉटचं नाव काढू नको. घरीच असती म्हन."

गयाबाईंच्या घरी चहा द्यायला मी होतेच. सविता हळदकुंकवाचं ताट घेऊन बसली, त्यात देवासाठी जास्वंदाच्या कळ्या.

मुलाच्या आईनं विचारलं, "दिवसभर काय करतीस बाई?"

"घरीच असते."

पण सविता घाबरली की तिचे हात चालू होतात. तिनं ताटातली एक कळी उचलली, पाकळ्या सोलल्या आणि नखानं सगळे केसर काढून टाकले. मधला दांडा शाबूत. गयाबाईंनी डोळेच मिटून घेतले.

मुलाच्या आईनं ती कळी निरखून पाहिली. मग सरकून सविताजवळ बसली आणि ताटातली दुसरी कळी उचलली.

"नख असं तिरपं धर बाई. लवकर व्हतंय."