शरयूताईंचं वेगळं मत

श्रीकांतरावांचा फोन आला तेव्हा मी दोह्यातल्या अल सद्द भागात, खोदलेल्या रस्त्यावर गाडीत अडकले होते. "यास्मिन, शरयू गेली," एवढंच म्हणाले. पुढे क्रेन, मागे हॉर्न... गाडी बाजूला घ्यायलाही जागा नव्हती. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी सगळं दोहा उकरून ठेवलेलं, त्या धुळीत मी नुसती स्टिअरिंग धरून बसले. आजार माहीत होता, शेवट जवळ आलाय हेही माहीत होतं. तरी ही बातमी कितीही तयारी केली तरी नवीच असते.

शरयूताई पुण्याच्या, निवडणूक कायद्याच्या अभ्यासक. श्रीकांतरावांच्या गॅस प्रकल्पातल्या नोकरीमुळे दोह्यातल्या मदिनत खलीफा भागात राहायला आल्या. मी रत्नागिरीची. एका छोट्या देशाच्या सरकारने आपला निवडणूक कायदा बदलायला घेतला होता आणि त्याचा मसुदा तपासायला एका आंतरराष्ट्रीय संस्थेने वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांची समिती नेमली. बैठका दोह्यातल्या एका हॉटेलात होत. शरयूताई समितीच्या सदस्य, मी इतिवृत्त लिहिणारी. माझं आडनाव ऐकताच त्यांनी माझी खुर्ची शेजारी ओढली. "कोकणातली ना गं? मग स्पष्ट बोलत असशील. माझं लिहिणं कुठे मिळमिळीत वाटलं तर लगेच सांगायचं."

मसुद्यात बरंच चांगलं होतं. स्वतंत्र निवडणूक आयोग होता, बायकांसाठी राखीव जागा होत्या. पण एका कलमात म्हटलं होतं की, जो नागरिक सलग काही वर्षं देशाबाहेर राहील त्याचं नाव मतदार यादीतून आपोआप निघेल. यादी स्वच्छ करायची आहे, असं सरकारचं म्हणणं. बाहेर राहणारे म्हणजे कोण, हे शरयूताईंना वेगळं सांगायला नको होतं. त्या देशाची कितीतरी तरुण माणसं इथेच स्टेडियम बांधत होती.

एका शुक्रवारी त्यांनी मला बरवा अल बराहाला, कामगारांच्या वसाहतीत, गाडी न्यायला लावली. केमोने अंगात त्राण नव्हतं, तरी ऐकेनात. तिथल्या कॅन्टीनमध्ये त्या देशाचे कामगार जमले, त्यांच्यातल्या एका हिंदी येणाऱ्या फोरमनने दुभाष्याचं काम केलं. शरयूताईंनी ते कलम समजावून सांगितलं. मग एकाने विचारलं, "मॅडम, एम्बसी में किसी को जानते हो?" त्यांच्या खोलीतला एकजण झोपेतच गेला होता. प्रेत शवागारात, कागद कुठेतरी अडकलेले. मतदानाचं राहिलंच. पुढचे कितीतरी दिवस शरयूताई वकिलातीत फोन करत होत्या. शेवटी त्याला घरी पाठवलं, तेव्हा गाडीत माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याचं प्रेत घ्यायला देश आहे, यास्मिन. मत घ्यायला नाही."

शेवटच्या बैठकीत अध्यक्षांना एकमताचा अहवाल हवा होता. या कलमाचा 'पुनर्विचार व्हावा', एवढीच सूचना. शरयूताई म्हणाल्या, कलम काढाच, नाहीतर मी अहवालाला माझं वेगळं मत जोडते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, भला माणूस. कॉफीच्या टेबलापाशी ते शरयूताईंना हळूच म्हणाले, "सरकारला निमित्तच हवंय. तज्ज्ञांचंच एकमत नाही म्हणतील आणि आयोगही जाईल, बायकांच्या जागाही जातील." शरयूताईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय ते खोटं नाही. पण मी सही केली, तर त्या माणसांची नावं पुसायला माझाही हात लागला." वेगळं मत त्यांनी जोडलं.

आणि झालं ते अध्यक्ष म्हणाले तसंच, अगदी शब्दाशब्दाला. अहवाल बाजूला पडला. ते कलम राहिलं, आयोग गेला, राखीव जागा गेल्या. बातमी आली तेव्हा शरयूताई हॉस्पिटलमध्ये होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "त्या बायकांच्या जागा मी घालवल्या का गं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण त्यांच्याशी खोटं बोलवत नसे. "मला माहीत नाही, ताई," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात दाबला. "मलाही..." म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

नव्या कायद्याने तिकडे पहिली निवडणूक झाली, ती शरयूताई गेल्यावर. त्या संध्याकाळी श्रीकांतरावांनी मला घरी बोलावलं. एकट्याला बघवणार नाही म्हणाले. मी चहा केला, तो तसाच निवला. टीव्हीवर निवेदिका सांगत होती, मतदान शांततेत पार पडलं.

"शांततेतच होणार," श्रीकांतराव म्हणाले. "ओरडणारे सगळे इथे आहेत."

त्यांनी टीव्ही बंद केला. आत शरयूताईंच्या अभ्यासाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ते उठले आणि आत कोणी वाचत बसलं असावं तसं, आवाज होऊ न देता, त्यांनी ते दार हलकेच ओढून घेतलं.