विचारायचं राहिलेल्यांची यादी

स्क्रीनवरच्या रिकाम्या रकान्यावर बोटाने दोनदा टकटक करायचं आणि म्हणायचं, "याला विचारलं का?" आमच्या सरांची ही सवय. स्क्रीनवर कायम बोटांचे डाग. ते पुसता पुसता मी मनातल्या मनात चरफडायचे.

हिंगोलीत मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या, तेच आमचं ऑफिस. दवाखान्यांची, शाळांची सॉफ्टवेअरं आम्ही करायचो. तुम्हीही असे फॉर्म भरले असतीलच. हो किंवा नाही, पुढचा प्रश्न. सरांना मात्र तिसरं उत्तर लागायचं, 'विचारलं नाही'. त्यासाठी त्यांनी कोडचा एक छोटा तुकडा लिहून ठेवला होता. त्याला आम्ही हेल्पर म्हणायचो. कुठल्याही फॉर्ममध्ये हो-नाहीचा रकाना आला की तोच वापरायचा. कोरं राहिलेलं नाव तो 'नाही'मध्ये ढकलत नसे, वेगळ्या यादीत काढून दाखवायचा.

मालक कुरकुरायचे, "अहो, गिऱ्हाइकाला दोनच रकाने पाहिजेत."

"बराबर आहे," सर म्हणायचे, "पण माणसं तीन प्रकारची हायेत."

सरांना शुगर होती. खालचा चहावाला तरी रोज न विचारता गोड चहा पाठवायचा. सर कपाकडे बघून म्हणायचे, "याचं बी उत्तर आधीच ठरलेलं हाय." आणि निमूट पिऊन टाकायचे. भांडायचंही त्यांच्या जिवावर यायचं.

आता माझं शहाणपण ऐका. एका ट्रस्टच्या दवाखान्याचं मोतीबिंदूचं शिबिर होतं. गावोगावच्या बाया घरोघर फिरून मोबाईलवर माहिती भरत होत्या. यादी मी करत होते आणि मला घाई होती. सरांच्या हेल्परला तिसऱ्या यादीचं लचांड, म्हणून तो मी वापरलाच नाही. सरळ लिहून टाकलं, कोरं असेल तर 'नाही'. कुरुंदा गावात तेव्हा हळद शिजवायचे दिवस. घरंच्या घरं शेतात मुक्कामाला, दारांना कुलपं. त्या सगळ्यांना मोतीबिंदू नाही, असं मी हिंगोलीत बसून ठरवून मोकळी झाले.

शिबिराच्या दिवशी कुरुंद्याची एक म्हातारी गाठोडं घेऊन शिबिराच्या गाडीपाशी आली. यादीत 'नाही' होतं. तिला चढू दिलं नाही. तिच्या सुनेचा ऑफिसात फोन आला, तो सरांनी घेतला.

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. सर रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "काहून एवढी घाई करून राहिली तू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोऱ्या नावांची यादी छापून रविवारी ते मला मोटरसायकलवर कुरुंद्याला घेऊन गेले. "हे काम आपलं आहे का सर?" मी वाटेत विचारलं. "यादी आपली हाय नं," एवढंच म्हणाले. दिवसभर या शेतातून त्या शेतात. प्रत्येकाला तेच विचारायचं आणि खूण करायची. दुपारनंतर सर दर बांधावर जरा थांबायला लागले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

म्हातारी कढईपासून लांब, झाडाखाली बसली होती. "मला निवडायला बसवत न्हाईत आता," ती म्हणाली. "हळद कोणती अन् खडा कोणता, कळंना मला. दोन्ही डोळ्यांची तीच गत." सर तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळे प्रश्न सावकाश विचारले. तिने त्यांचा हात चाचपला. "तू मास्तर हायेस का रं?" "न्हाई आजी, कॉम्पुटरवाला."

पुढच्या शिबिरात तिचं नाव लागलं. त्या शिबिराच्या आठवडाभर आधी सर ऑफिसातच छातीला हात लावून खाली बसले. नांदेडला नेईपर्यंत संपलं होतं. पन्नाशीही झाली नव्हती हो. चार वर्षं त्यांच्या शेजारी बसले मी, आणि ते डॉक्टरकडे शेवटचे कधी गेले होते, हे मला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशन झालेल्यांचा एक शेवटचा फॉर्म असतो, 'आता नीट दिसतं का?' कुरुंद्याची काही नावं कोरी होती. मालक म्हणाले, टाका 'हो'. मी एसटी धरली.

म्हातारी दारात सुपात हळद घेऊन बसली होती. मी हाक मारली तशी आवाज ओळखून म्हणाली, "तू ती बाई का गं, त्या पोराबरोबर आलती ती? तो न्हाई आला? मला बघायचं व्हतं त्याला. तवा आवाजच ऐकला नुसता."

मी मोबाईल काढला. ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो होता, आम्ही सगळे केक खात हसतोय आणि सर कडेला उभे. तिने फोन डोळ्यांशी नेला, मग लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"लई थकलंय गं हे लेकरू," ती म्हणाली. "तुमी कोणी बघत न्हाई का त्याच्याकडं? त्याला म्हणावं, जरा पडून ऱ्हा."

"सांगते," मी म्हणाले.