हवावाल्या चाचांचा प्रश्न

हवावाले चाचा टायरची हवा कधी काट्यावर मोजत नसत. लोखंडी पान्याने टायरवर एक ठोका द्यायचा, मान तिरकी करायची आणि सांगून टाकायचं, "मागचा डावा बसून राह्यला." ड्रायव्हर हट्टाने मोजायला लावी आणि तोंडावर पडे. पांढरकवड्यात, हैदराबादच्या रस्त्यावर, आमच्या घरासमोर त्यांचं टायरचं दुकान होतं. एवढ्या तिखट कानाच्या माणसाला घरातून चाचींनी मारलेली हाक तेवढी ऐकू येत नाही, असं आमची आई म्हणे.

ती हाक ठरलेली असायची. त्यांची एकुलती एक लेक हैदराबादला दिलेली, आणि हैदराबादची बस दुकानासमोरच थांबायची. ईद झाली की चाची नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहत. बस यायची, आणि नेमका तेव्हाच कुणी तरी फुटलेलं टायर घेऊन यायचा. "एवढं करतो, मंग निघू," चाचा म्हणत. बस काय यांच्यासाठी थांबणार होती? चाची 'एकटी जाते' म्हणाल्या तर तेही चाचांना पटत नसे. एकदा आई चिडून म्हणाली, "भाईजान, दोन दिवस दुकान बंद ठेवलं तर आभाळ कोसळेल का?"

"भाभी, गाडी अडली तं माणूस अडते. मी नसलो तं त्यानं कोणाले बोलवाव?"

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंग गिरण्या ओस पडल्या, गाठींचे ट्रक दिसेनासे झाले. आम्हाला वाटलं, आता तरी चाची जातील. पण चाचांचा न्यायच उलटा. "पह्यले ट्रक लई होते म्हून जमलं नाही. आता दिवसाले दोन येते, ते बी सोडू काय?" असं म्हणून ते रिकाम्या रस्त्याकडे कान लावून बसत. मला त्यांचा राग यायचा, आणि कीवही यायची. त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं, तरी सुटता येत नव्हतं. आणि त्यांच्यापायी चाचीही अडकल्या होत्या. अशाच एका उन्हाळ्यात चाची तापाने गेल्या. लेकीचं घर त्यांनी पाहिलंच नाही.

वर्षभराने माझ्या नागपूरच्या कंपनीने मला सहा महिन्यांसाठी फ्रान्समधल्या ल्योन शहरात पाठवलं. इथली भुयारी मेट्रो रबरी टायरांवर धावते, असं मी आईला फोनवर सहज सांगितलं. पुढच्या रविवारी आईच्या फोनवर चाचाच आले. सलाम नाही, दुआ नाही.

"बेटा, हवा गेली तं? भुयारात टायरवाला कुठून येते? एकदा ठोकून पाह्य अन् मले सांग."

चाचांचा शब्द मोडवेना. मेट्रो स्टेशनात थांबल्यावर मी खरंच छत्री घेऊन फलाटाच्या कडेला वाकलो. छत्रीचं टोक टायरला लागायच्या आत शिट्टी वाजली आणि रखवालदाराने मला दंडाला धरून मागे ओढलं. माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमधून त्याला प्रश्न कळला, तेव्हा मात्र तो हसला. हाताचे दोन पंजे एकमेकांशेजारी धरून त्याने समजावलं, की रबरी चाकाला लागूनच एक लोखंडी चाक असतं. हवा गेली की गाडी त्या चाकावर टेकते आणि रुळावरून हळूहळू पुढच्या स्टेशनात जाते.

परत आल्यावर मी हे सगळं चाचांना रंगवून सांगितलं. छत्रीच्या गोष्टीला ते हसले नाहीत.

"म्हंजे थांबतच नाही?"

"नाही चाचा. सावकाश जाते, पण पोचते."

"कोणाले बोलवाव लागत नाही?"

"नाही."

चाचांनी हातातला पाना फडक्याने पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग तिथला टायरवाला बायकोले लेकीकडे नेत असन."

मी होकारार्थी मान हलवली. गाडी जागेवरच अडते आणि सगळे लोक टायरवाल्याची वाट बघत बसतात, असं खोटं सांगायला हवं होतं. ते मला नागपूरच्या बसमध्ये बसल्यावर सुचलं.